परक्या घरातलं पहिलं ताट

मुलगा किंवा मुलगी वर्षभरासाठी परदेशातल्या एखाद्या कुटुंबात राहून शिकणार, असं ठरलं की घरात एकच धांदल उडते. स्वेटर, औषधं, लोणच्याची बरणी, सगळ्याची यादी होते. यादीत एकच गोष्ट बसत नाही. परक्या घरातले पहिले काही दिवस!

आज रोटरी, एएफएस यांसारख्या संस्था अशी देवाणघेवाण घडवून आणतात. जाण्याआधी मुलांना आणि यजमान कुटुंबालाही चार गोष्टी समजावून सांगतात. पण यातलं काहीच नव्हतं त्या काळात, १९११ साली, मद्रासच्या अड्यारहून दोन भाऊ असेच विलायतेला गेले होते. थोरला कृष्णमूर्ती आणि धाकटा नित्यानंद.

अड्यार नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्यालय आहे. या मुलांचे वडील नारायणय्या १९०९ साली सोसायटीत कामाला आले. मुलांची आई १९०५ मध्येच वारली होती. कृष्णमूर्ती हा पुढे जगद्गुरू होणार, असं सोसायटीतल्या धुरिणांना वाटू लागलं आणि अ‍ॅनी बेझंट यांनी दोघा भावांना आपल्या छत्राखाली घेतलं. १९१० साली वडिलांनी तशी लेखी संमतीही दिली.

एप्रिल १९११ मध्ये मुंबईहून बोट सुटली. अंगात साहेबी कपडे, पायात बूट. आजवर मोकळी राहिलेली पावलं त्या बुटांत आखडून जात. ५ मे रोजी लंडनच्या चेरिंग क्रॉस स्थानकावर त्यांच्या स्वागताला गर्दी जमली. कृष्णमूर्तीला सोळावं वर्ष पुरं होत होतं, नित्याला तेरावं. बेझंटबाईंच्या स्नेही मिस ब्राइट यांच्या घरी मुक्काम पडला. घर चांगलं, माणसं मायाळू, कशाला म्हणून उणं नव्हतं.

आणि तरी रोजचं ताट हीच शिक्षा झाली. मुलांनी काय खायचं, किती दूध प्यायचं, हे वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवून दिलं होतं. कृष्णमूर्तीच्या पोटाला ते सोसेना. रात्रभर पोटदुखीनं तळमळलेला मुलगा सकाळी बेझंटबाईंच्या करड्या नजरेखाली तीच न्याहारी कशीबशी गिळायचा. लेडी एमिली लट्यन्स हे पाहत होत्या. नवी दिल्लीची उभारणी करणाऱ्या वास्तुकाराच्या या पत्नी, स्वतः पाच मुलांची आई. त्याच्या पुढ्यातली ती बशी हिसकावून घ्यावी, असं तेव्हा फार वाटे, हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. पण बशी तिथेच राहिली. सगळ्यांना मुलाचं भलंच करायचं होतं, विचारलं मात्र कुणीच नाही! पोटाचं ते दुखणं पुढे काही वर्षं राहिलं.

१९१२ साली वडिलांनी मुलं परत मागितली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मद्रास हायकोर्टानं १९१३ मध्ये वडिलांच्या बाजूनं कौल दिला, तर १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं तो फिरवला. एक मुद्दा असा निघाला, की मुलांची इच्छा काय आहे, हे कोर्टात कुणी जाणूनच घेतलं नव्हतं. ताटापासून कोर्टापर्यंत तीच तऱ्हा! १९१२ मध्ये पुन्हा विलायतेला गेलेल्या त्या भावांना मायदेश दिसला तो थेट १९२१ च्या अखेरीस. त्या लांबलचक काळात कृष्णमूर्तीला खरा आधार मिळाला तो लेडी एमिलींचाच. तो त्यांना आईच्या जागी मानू लागला. त्यानं भरभरून पत्रं लिहिली तीही त्यांनाच.

१९२९ मध्ये कृष्णमूर्तींनी जगद्गुरुपद झुगारलं. आयुष्यभर ते सांगत राहिले, की दुसऱ्यानं आखून दिलेल्या वाटेनं सत्य सापडत नाही. जानेवारी १९८६ मध्ये, अखेरच्या मुक्कामात, ते याच अड्यारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला जात.

परक्याचं लेकरू घरी येणार असेल, तर पहिल्याच दिवशी पंचपक्वान्नांचा घाट घालू नये. शेजारी बसावं आणि विचारावं, ‘बाळ, तुला काय हवंय?’ आपलं लेकरू जाणार असेल, तर त्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीसोबत आणखी एक गोष्ट द्यावी. नको असेल तेव्हा ‘नको’ म्हणण्याची मुभा.