साहेब गेला, कायदा राहिला

राज्य कशानं तुटते? निव्वळ कर वाढला म्हणून नाही. आपलीच वस्तू दुसऱ्याला विचारून घ्यावी लागली, की आधी मन तुटते. राज्य मागाहून तुटते.

१८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य गिळलं, त्यात आपला चांदाही गेला. चारच वर्षांत मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके उठले. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना चांद्याच्या जेलात फाशी दिली. मग साहेबानं कायद्यानं जंगल घेतलं: १८६५, १८७८, १९२७. आपला हक्क होता, त्याची सवलत झाली. १९३० चा जंगल सत्याग्रह ह्याच दुखण्यातून झाला.

१९४७ ला साहेब गेला, १९२७ चा कायदा राहिला. आजही मोळीसाठी नाकेदाराची मर्जी पाहावी लागते. मग स्वराज्य गडचांदूरपर्यंत आलं, आमच्या पाड्यावर आलं काय?

मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा पासही स्वतःच्या हाती घेतला. त्यांनी वेगळा देश नाही मागितला, आपल्या जंगलाचा निर्णय मागितला. आम्हीही तेवढंच मागतो.

पण सभेला आपणच गेलो नाही, अन् दोघाचौघांनी कोऱ्या ठरावावर अंगठे घेतले, तर साहेब फक्त बदलला समजा. म्हणून सामूहिक दावा भरू. शिवार, नाले, देवस्थानं स्वतः फिरून नकाशा काढू. ठराव वाचून ऐकल्याशिवाय अंगठा देणार नाही.

जय सेवा!