नऊ जणांची यादी

परवा भाच्याने ओहायोहून एक यादी पाठवली. तिथे शिकायला गेल्यापासून त्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलंय. (नाव फुटबॉल, आणि चेंडू हातात धरून पळायचं! असो.) 'बिग टेन' नावाचा विद्यापीठांचा गट आहे. नाव दहाचं, पण २०२४ पासून त्यात विद्यापीठं अठरा. हंगाम संपला की प्रशिक्षक आणि पत्रकार मतं देऊन सगळ्या विद्यापीठांतून सर्वोत्तम संघ निवडतात. हा संघ खेळत कधीच नाही, कागदावरच राहतो.

गेल्या एका हंगामाची यादी वाचताना मी अडलो ते पाच नावांवर. हे आडदांड गडी चेंडूला हात लावत नाहीत म्हटलं तरी चालेल. मधला एक जण तो मागच्याला देतो, तेवढाच. बाकी काम समोरच्याला अडवून धरायचं. गुण यांच्या नावावर लागत नाहीत, तरीही यादीत यांच्या पाच जागा राखीव!

आणि मला ताई आठवली. म्हणजे या भाच्याचीच आई.

ताई १९८८ च्या सुमारास कॉलेजच्या खो-खो संघात होती. पहाटेची लोकल पकडून भाईंदरहून दादरला सरावाला जायची. पाठलाग करणारीला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही, पळणारी मात्र खुशाल जाते. म्हणून ती पलीकडे गेली रे गेली की त्या बाजूला तोंड करून बसलेल्या मुलीला खो द्यायचा. अर्धा सेकंद उशीर झाला की गेली हातातून. ताईचा खो कधी उशिरा आला नाही. पण गडी बाद करायची दुसरीच कुणीतरी, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं, अमकी २ मिनिटे १० सेकंद, ४ गडी. ताईचं नाव शेवटी, 'इतर खेळाडू' मध्ये.

विद्यापीठाच्या निवडीच्या वेळी निवडणाऱ्यांनी हेच आकडे पाहिले. ताई राहिली. पुढच्या वर्षी ती मैदानावर गेलीच नाही.

आपल्याकडे बक्षिसं नाहीत असं नाही. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना एकलव्य, महिलांना राणी लक्ष्मीबाई, मुलांना वीर अभिमन्यू, मुलींना जानकी. (चक्रव्यूहातून बाहेर न पडू शकलेल्याचं नाव पळणाऱ्यांच्या खेळाला कुणी दिलं असेल?) अर्जुन पुरस्कार मात्र १९९८ नंतर खो-खोला थेट २०२० मध्ये मिळाला, धाराशिवच्या सारिका काळेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे यांच्या संघांनी दोन्ही चषक जिंकले, तेव्हा तर प्रत्येक सामन्यात उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक, उत्कृष्ट खेळाडू अशी तीन-तीन बक्षिसं होती. छानच. पण यातलं एकही खो देणारीसाठी नाही.

माझं म्हणणं एवढंच, की आंतरविद्यापीठ स्पर्धा संपली की पश्चिम विभागातल्या सगळ्या प्रशिक्षकांनी बसून नऊ नावं काढावीत. दोन खांबाजवळची, तीन पळणारी, आणि चार नुसती वेळेवर खो देणारी. पैसे नकोत, ब्लेझर नको, फक्त यादी छापा. कुणी म्हणेल, खो मोजायचा कसा? त्या अमेरिकन पाच जणांचं तरी कोण काय मोजतं? मैदानाशेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला सगळं दिसत असतं, त्याला विचारायचं. आपण विचारत नाही.

रात्री ताईला फोन करून यादी वाचून दाखवली. तिने दोनच प्रश्न विचारले. पोरगा नीट जेवतो का, आणि त्या पाचांतला चेंडू मागे देणारा कुठला?

मी नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. उच्चार काही जमला नाही.