जिंकलेल्या लढायांचा हिशेब

लढाया जिंकणे म्हणजे युद्ध जिंकणे नव्हे, या सत्याचा अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाइतका ठळक पुरावा क्वचितच सापडेल. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रान्सचा रणांगणावर निर्णायक पराभव झाला आणि व्हिएतनाममधून त्याला पाय काढता घ्यावा लागला. अल्जीरियात तसे घडले नाही. १ नोव्हेंबर १९५४ रोजी उठाव पुकारणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीला असा एकही विजय मिळविता आला नाही. उलट, लष्करीदृष्ट्या फ्रान्सचीच सरशी होत गेली. तरीही जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला.

१९५७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. राजधानी अल्जिअर्समधील बॉम्बस्फोट थांबविण्यासाठी पोलिसी अधिकार जनरल मासू यांच्या छत्रीधारी सैनिकांकडे सोपविण्यात आले आणि वर्ष संपण्यापूर्वीच आघाडीची शहरातील संघटना मोडून पडली. त्याच वर्षी ट्युनिशियाच्या सीमेवर वीजभारित तारा आणि सुरुंग यांची मोरिस रेषा उभी राहिली व बाहेरून येणारी माणसे आणि शस्त्रे यांची वाट अडली. पुढे १९५९ मध्ये जनरल शाल यांनी एकेक डोंगराळ मुलूख पिंजून काढला. युद्धकाळात सुमारे वीस लाख खेडुतांना घरेदारे सोडून लष्कराच्या पहाऱ्याखाली राहावे लागले.

परंतु हा विजय ज्या साधनांनी मिळविला, त्यांनीच तो पोखरून टाकला. अल्जिअर्समध्ये कैद्यांचा छळ हा तपासाचा नित्याचा भाग बनला. नाझींच्या कोठडीत स्वतः छळ सोसलेल्या पोल तेतजेन या वरिष्ठ अधिकाऱ्याने तीन हजारांवर माणसे बेपत्ता झाल्याचा हिशेब मांडला व पदाचा त्याग केला. कायद्याचे बंधन सुटलेले सैन्य मग मायदेशातील सरकारलाही जुमानीनासे झाले. मे १९५८ मधील बंडाळीने चौथ्या प्रजासत्ताकाचा अंत घडवून आणला. एप्रिल १९६१ मध्ये चार सेनानींनी द गॉल यांच्याविरुद्धच बंड केले आणि त्यांत हेच शाल अग्रभागी होते. जो प्रदेश ताब्यात ठेवण्यासाठी चार लाखांवर सैन्य लागते, तो आपला नव्हे, हे द गॉल यांना उमगले होते. डिसेंबर १९६० मध्ये अल्जिअर्सच्या रस्त्यांवर उतरलेल्या जनसमुदायाने उरलासुरला भ्रमही दूर केला. १८ मार्च १९६२ रोजी एव्हियां येथे करार झाला.

अर्थात, विजेत्यांचा हिशेबही निष्कलंक नाही. आघाडीने प्रतिस्पर्धी राष्ट्रवाद्यांना निर्दयपणे संपविले, आणि फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या हजारो देशबांधवांची स्वातंत्र्यानंतर कत्तल झाली. त्याहून दूरगामी गोष्ट वेगळीच होती. ऑगस्ट १९५६ मधील सुम्माम परिषदेत राजकीय नेतृत्व लष्करापेक्षा श्रेष्ठ आणि देशांतर्गत लढा बाहेरच्या नेतृत्वापेक्षा श्रेष्ठ, असे तत्त्व ठरले होते. त्याचे शिल्पकार अबान रमदान यांना डिसेंबर १९५७ मध्ये मोरोक्कोत सहकाऱ्यांनीच ठार केले. आत लढणाऱ्या तुकड्या शाल यांच्या मोहिमांनी खिळखिळ्या झाल्या. सीमेपलीकडे थांबलेली, बूमेदियन यांच्या नेतृत्वाखालील सेना मात्र शाबूत राहिली. १९६२ च्या सप्टेंबरात ती अल्जिअर्समध्ये शिरली, बेन बेला यांना तिने सत्तेवर बसविले आणि १९६५ च्या जूनमध्ये तिनेच त्यांना पदच्युत केले. फ्रेंचांच्या तारांनी स्वातंत्र्य रोखले नाही, परंतु स्वतंत्र देशात सत्ता कोणाच्या हाती जाणार, हे ठरविण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

छत्रीधारी सैनिकांनी १९५७ मध्ये पकडून नेलेले गणिताचे तरुण अध्यापक मोरिस ओदँ यांच्या मृत्यूची जबाबदारी स्वीकारण्यास फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना २०१८ साल उजाडावे लागले. २०१९ मध्ये अल्जीरियातील तरुण लष्करी नव्हे तर नागरी राज्य हवे, अशी मागणी करीत महिनोन्महिने रस्त्यांवर उतरले. सुम्मामचा प्रश्नच ते पुन्हा विचारीत होते. तोफा थंडावल्या म्हणून युद्धाचा हिशेब मिटत नाही. कोणत्या साधनांनी जिंकलो, याची किंमत जेत्यालाही चुकवावी लागते आणि बऱ्याचदा ती पुढच्या पिढ्यांच्या माथी पडते.