दुसरा नंबर पचवणारा पहिला

मोटारसायकलच्या शर्यतीचं नाव काढलं की आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी चढते. ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे पळणारी, वळणावर गुडघा डांबराला घासणारी ही पोरं जिवावर उदार झालेली. त्यांतला जो सर्वांत उदार तो जगज्जेता, असा आपला सोपा हिशेब. माझी उमर खतावण्या तपासण्यात गेली, म्हणून सांगतो, हा ताळेबंद जुळत नाही.

१९९९ साली १२५ सीसी गटाचं जगज्जेतेपद स्पेनच्या एमिलिओ अल्झामोराने मिळवलं. त्या साली त्याने एकही शर्यत जिंकली नव्हती. एकही नाही! इटलीच्या मार्को मेलांद्रीने शेवटची शर्यतसुद्धा जिंकली आणि तो एका गुणाने मागे राहिला. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २०, पडणाऱ्याला शून्य. म्हणजे एकदा पडून गमावलेले वीस गुण पाच-पाचाने भरून काढायला चार विजय हवेत. एक बुडीत कर्ज किती चांगल्या खात्यांचं व्याज गिळतं, हे ज्याने पाहिलंय त्याला हे नवीन नाही.

२०१२चं मोटोजीपीचं वर्ष घ्या. दानी पेद्रोसाने सात शर्यती जिंकल्या, होर्गे लॉरेन्झोने सहा. पण अठरांपैकी सोळा शर्यतींत लॉरेन्झो पहिला किंवा दुसरा होता. मिसानोला पेद्रोसा सर्वांत पुढून सुटणार, तोच ऐन वेळी पुढच्या चाकाचं काहीतरी अडलं. त्याला रांगेच्या शेवटी जावं लागलं आणि पहिल्याच फेरीत मागून दुसऱ्याने धडक दिली. पुढे त्याने लागोपाठ तीन शर्यती जिंकल्या. लॉरेन्झो तिन्ही वेळा मुकाट्याने दुसरा आला! पंचवीस गेले, पंधराच परत आले. मग ऑस्ट्रेलियात जिंकण्यावाचून गत्यंतर नसलेला पेद्रोसा आघाडीवर असताना दुसऱ्याच फेरीत घसरला.

हा लॉरेन्झो जन्मजात थंड डोक्याचा होता असं नव्हे. २००८ साली, या गटातल्या पहिल्याच वर्षी, तो पडून घोटा मोडून बसला होता. पुढच्याला जाऊ देण्याची अक्कल त्याला त्यानंतर आली असावी. माझ्या मते तेवढीच त्याची सरशी. वेगात पेद्रोसा तसूभरही कमी नव्हता.

आणि तरीही आपण काय म्हणतो? 'जिद्द कमी पडली.' दहावीत दुसऱ्या आलेल्या पोरालाही बाप हेच ऐकवतो, पेढा तोंडात असताना. ज्याची हाडं पुन्हा पुन्हा मोडली, ज्याने या गटात ३१ शर्यती जिंकल्या आणि जो २०१८ साली जगज्जेतेपदाविना निवृत्त झाला, त्या पेद्रोसाला हे ऐकवायची कुणाची छाती आहे? मिसानोला त्याच्या जिद्दीने काय करायचं होतं?

नशीब कुठे बसलेलं असतं पाहा. २००६ साली एस्टोरिलला टोनी एलियासने व्हॅलेंतिनो रोसीला सेकंदाच्या दोन सहस्रांशाने हरवलं. रोसीचे पाच गुण गेले. दोन आठवड्यांनी व्हॅलेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीत रोसी घसरला, उठला, तेरावा आला. निकी हेडन तिसरा येऊन बरोबर पाच गुणांनी जगज्जेता झाला. गुण सारखे झाले असते तर जास्त विजय मोजले जातात, आणि त्या साली रोसीचे पाच होते, हेडनचे दोन. एलियास मात्र मोटोजीपीत त्यानंतर एकही शर्यत जिंकला नाही.