अश्रुधूर व युद्धनीती

देवगिरीच्या किल्ल्यावर शाळेच्या सहलीबरोबर जो कोणी गेला असेल, त्यास तेथील 'अंधारी'चे विस्मरण होणे शक्य नाही. खंदक ओलांडून वर चढू लागले, की डोंगराच्या पोटातून कोरून काढलेला हा वळणावळणाचा मार्ग लागतो. हाती उजेड असल्यावाचून त्यात पाऊल टाकवत नाही. या मार्गाच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणाची योजना होती. शत्रू आत शिरला, की त्यावर विस्तव पेटवावयाचा, म्हणजे सारे भुयार धुराने कोंदून जावे व आतला मनुष्य गुदमरावा, असा तिचा हेतू सांगतात. ही हकीकत ऐकताना पूर्वजांच्या कल्पकतेचे आपणांस कौतुक वाटते. परंतु असलाच डाव आजच्या भारतीय सैनिकाने शत्रूवर टाकावयाचे म्हटले, तर त्यास तशी मुभा आहे काय, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल. त्याचे उत्तर ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. प्राण घेणारा विषारी वायू तर राहोच, केवळ डोळ्यांतून पाणी काढणारा अश्रुधूरही युद्धात शत्रूविरुद्ध वापरण्यास त्यास कायद्याने मनाई आहे.

ही मनाई रासायनिक अस्त्रांविषयीच्या जागतिक करारात आहे. या करारावर १९९३ साली राष्ट्रांच्या सह्या होऊ लागल्या व २९ एप्रिल १९९७ पासून तो अमलात आला. आज १९३ राष्ट्रे त्याने बांधलेली आहेत. आपल्या देशाने १९९३ सालीच सही केली, १९९६ साली करारास मान्यता दिली आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी २००० साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. इतकेच नव्हे, तर आपल्याजवळ असलेला हजार टनांहून अधिक मस्टर्ड वायूचा साठा जगापुढे जाहीर करून २००९ सालापर्यंत तो समूळ नष्ट केला. दिलेला शब्द पाळल्याचा हा दाखला आपल्या मुलांस अवश्य सांगण्याजोगा आहे. या कराराच्या पहिल्याच कलमात, दंगल पांगविण्याची द्रव्ये आम्ही युद्धाचे साधन म्हणून वापरणार नाही, असे वचन प्रत्येक राष्ट्राने दिले आहे. जी द्रव्ये मनुष्याच्या डोळ्यांना वा श्वासाला तत्काळ त्रास देतात, पण त्यांच्यापासून दूर होताच ज्यांचा परिणाम थोड्या वेळात ओसरतो, ती ही द्रव्ये होत.

आता या करारातील विरोधाभास पाहा. दुसऱ्या कलमाने हीच द्रव्ये देशांतर्गत सुव्यवस्था राखण्यासाठी वापरण्यास मोकळीक दिली आहे. म्हणजे जे नळकांडे सीमेवर शत्रूच्या खंदकात टाकणे हा करारभंग, तेच आपल्या गावच्या रस्त्यावर टाकणे कायदेशीर! हे उदाहरण आपणांपासून दूरचे नाही. १ सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटी येथे, आरक्षणासाठी चाललेल्या उपोषणाच्या ठिकाणी, पोलिसांनी लाठीमार केला व अश्रुधुराची नळकांडी फोडली. आंदोलक व पोलीस असे दोन्हीकडचे लोक जखमी झाले, आणि पुढे तत्कालीन गृहमंत्र्यांनी निरपराध जखमींची क्षमा मागितली. त्या दिवसाचा न्यायनिवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. पण त्या वार्ता वाचून एखाद्या चौकस मुलाने वडिलांस विचारले, की "बाबा, जे शत्रूला वर्ज्य, ते आपल्याच माणसांना कसे चालते?" तर वडिलांनी काय उत्तर द्यावे?

काही विचारवंत म्हणतात, की दोष युद्धातील मनाईचा आहे. गोळी घालण्यास परवानगी आणि डोळ्यांत पाणी आणण्यास बंदी, हा कोणता न्याय? वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड वाटते, परंतु इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा प्रारंभ प्राणघातक वायूने झाला नाही, तो अश्रुधुरानेच झाला. १९१४ साली फ्रेंचांनी अश्रुकारक द्रव्याचे बाँब वापरले. १९१५ च्या जानेवारीत जर्मनांनी पोलंडमधील बोलिमोव येथे तशाच द्रव्याचे गोळे डागले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २२ एप्रिल रोजी, बेल्जममधील ईप्र या गावाजवळ क्लोरिन वायूचा पिवळट हिरवा लोट सुटला. चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनचे हिंदी शिपाई त्याच रणभूमीवर चालून गेले, तेव्हा त्यांच्यावरही वायू सोडण्यात आला. नाकातोंडास ओले फडके बांधण्यापलीकडे त्यांच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. सौम्य धुरापासून मारक धुरापर्यंतचा जिना असा फार थोड्या पायऱ्यांचा असतो.

याचे कारणही उघड आहे. समोरून लोट येताना दिसला, की तो अश्रुधूर आहे की विषारी वायू, हे खंदकातील शिपायास कळावे कसे? तो सर्वांत वाईट तेच गृहीत धरणार, व त्याचा सेनापती त्याच मापाने उत्तर देणार. दुसरे असे, की रणांगणावर धूर गोळीच्या ऐवजी येत नाही, तो गोळीच्या आधी येतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याने सी. एस. नावाचा अश्रुधूर भुयारांत भरला, तो आश्रयास लपलेल्यांना बाहेर हुसकण्यासाठी. बाहेर आलेल्याची गाठ बंदुकीशीच पडे. आपल्या अंधारीची युक्ती ती हीच, फक्त यंत्राच्या साह्याने केलेली. त्या अनुभवानंतर १९७५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी असला वापर प्रथम न करण्याचा हुकूम काढला, पण काही प्रसंगांचे अपवाद राखूनच. असे अपवाद धोक्याचे असतात. २०२४ च्या नोव्हेंबरात या कराराची देखरेख करणाऱ्या हेग येथील संस्थेने युक्रेनच्या युद्धरेषेवरून आलेल्या नमुन्यांत सी. एस. आढळल्याचे जाहीर केले. तेव्हा हा विषय केवळ इतिहासाच्या पुस्तकातला राहिलेला नाही.

वचने कागदावरच राहतात, असेही कोणी म्हणेल. पण दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांस पाठीवर घेऊन पैलतीरास नेले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांच्यासमोर यंत्रतोफा होत्या, सुरुंग होते, पण विषारी वायू नव्हता. वायूचे साठे दोन्ही पक्षांजवळ होते. तरीही १९२५ सालच्या जिनिव्हा येथील करारामुळे म्हणा, प्रतिपक्षाच्या भीतीमुळे म्हणा, युरोपच्या रणांगणावर ते उघडले गेले नाहीत. आपल्या देशातही नीती व मोह या दोहोंची परंपरा जुनी आहे. मनुस्मृतीने विषारी बाण निषिद्ध मानले, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शत्रूस आंधळे करणाऱ्या धुरांच्या कृती दिलेल्या आहेत. आजचा कायदा पहिल्या पक्षाकडे उभा आहे, आणि त्याने तेथेच उभे राहावे.

मग मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय? माझ्या मते ते एका शब्दात सांगता येईल. तो शब्द म्हणजे वाट. युद्धात शत्रूला घरी जाण्याची वाट आपण देत नसतो. पोलीस मात्र जमावास घरी जा म्हणूनच सांगत असतात. वाट मोकळी असेल, तर अश्रुधूर ही कठोर का होईना, पण सूचना ठरते. वाट बंद असेल, तर तेच नळकांडे शस्त्र होते आणि रस्त्याची अंधारी होते. २००२ च्या ऑक्टोबरात मॉस्को येथील एका नाट्यगृहात ओलिसांच्या सुटकेसाठी गुंगी आणणारा वायू सोडण्यात आला. तो अश्रुधूर नव्हता व हेतू सुटकेचाच होता, पण बंद जागेत त्या वायूने शंभरांहून अधिक ओलिसांचे प्राण घेतले. पुढे २०२१ साली करारातील राष्ट्रांनी असल्या द्रव्यांचा हवेतून फवारा करणे हे कायदा राखण्याच्या हेतूशी विसंगत ठरविले. कोंडलेल्या जागेत, जेथे हवा खेळत नाही व बाहेर पडण्यास मार्ग नाही, तेथे अश्रुधूर वापरू नये, आणि नळकांडे कोणाच्या तोंडावर वा डोक्यावर नेम धरून मारू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२० सालच्या मार्गदर्शनातही सांगितले आहे.

आपल्या देशाच्या कायद्याचा आशयही याच्याशी जुळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४९ व्या कलमाप्रमाणे दंडाधिकाऱ्याने बोलाविल्यावरून सैन्य जमाव पांगविण्यास आले, तरी त्याने शक्य तितके कमी बळ वापरावे व माणसांस आणि मालमत्तेस शक्य तितकी कमी इजा करावी, असे बंधन आहे. म्हणजे सैनिक तोच असला, तरी नगरात येताना त्याने रणांगणाची वृत्ती वेशीबाहेर ठेवावी, असे कायदा त्यास सांगतो.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. युद्धात अश्रुधूर निषिद्ध हा नियम कोणत्याही सबबीवर सैल होऊ देऊ नये. आणि नगरात अश्रुधूर वापरावाच लागला, तर आधी इशारा दिला होता काय, जाण्यास वाट होती काय, किती नळकांडी फोडली व कोणाच्या हुकमावरून, याची नोंद दरवेळी व्हावी आणि ती जनतेस मराठीत वाचावयास मिळावी. अधिकाऱ्यांवर अविश्वास म्हणून हे मागणे नाही. जो पोलीस नियमाने वागला, त्याचेही रक्षण अशी नोंदच करील.

आजच्या विद्यार्थ्यांतून उद्या कोणी सैन्यात जातील, कोणी पोलिसात, कोणी न्यायाधीश होतील, आणि पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या मोर्चात चालतील. पुढल्या सहलीत अंधारीतून वर येताना त्यांनी क्षणभर थांबून त्या झाकणाच्या जागेकडे पाहावे. आपण आत असताना ते वरून बंद झाले असते तर काय, हा विचार ज्याच्या मनात एकदा येऊन गेला, त्याच्या हाती उद्या अधिकार आला, तर तो धुराचा हुकूम देण्यापूर्वी लोकांस जाण्यास वाट आहे की नाही, हे आधी पाहील, असा मला भरवसा आहे.