दुबईत विमा भरतो, हिंगोलीत का नाही?

मराठवाड्यातून आखातात गेलेली आपली पोरं तिथं विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणत नाहीत. दुबईत मुल्किया दरवर्षी नवा करावा लागतो, आणि विमा नसेल तर तो होतच नाही. ब्रिटनमध्ये कंपनी वय आणि पत्ता बघून हप्ता ठरवते, त्यामुळे नवख्या पोराला तो फार जड जातो. न्यूझीलंडची तऱ्हा वेगळीच: १९७४ पासून चूक कुणाची हे न बघता जखमीचा खर्च सरकारी निधीतून होतो.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीच्या आतल्या कारला वर्षाला २,०९४ रुपये, ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलला ७१४; वर कर. वसमतच्या बाजारात एक क्विंटल हळद विकणाऱ्याला ही रक्कम काय जड आहे?

२०१८ पासून नव्या मोटारसायकलचा पाच वर्षांचा विमा शोरूममध्येच निघतो. घोळ होतो तो सहाव्या वर्षी. पकडलं तर पहिला दंड २,००० रुपये, म्हणजे हप्त्याच्या जवळपास तिप्पट. पण दंडाचं सोडा. धडकेत कुणाचा जीव गेला तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाच्या बोकांडी बसते, लाखांत, आणि शेत-घर जप्तीपर्यंत जाते. मालकाकडे काहीच नसेल तर मयताची बायका-पोरं हुकूम हातात घेऊन बसतात.

लायसन नसलेल्या पोराच्या हाती गाडी दिली असेल, तर विमा असूनही कंपनी भरलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, तारीख दिसेल.