माळ कोणी मारला?

परवा तानसा नदीकाठच्या एका फार्महाऊसचे मालक मला म्हणाले, "तुम्ही गाववाल्यांनीच शिकारी करून करून इथलं तितर संपवलं." त्यांच्याच घरचा चहा पीत होतो, म्हणून गप्प बसलो. उत्तर इथे देतो.

शिकार आम्ही केली. नाकारत नाही. साल 1970-71 असेल. दिवाळी सरली, भात खळ्यावर आलं की काकांची ठासणीची बंदूक बाहेर निघायची. परवाना पिकातली डुकरं हाकायचा, पण मन तितरावर. वज्रेश्वरीच्या डोंगराला वळसा घालून आम्ही पहाटे वरकस माळावर चढायचो. काका, वाडीवरचे एक कातकरी आजोबा, मी आणि वाघ्या.

वाघ्या गावठीच. कुणी शिकवलेला नव्हता. पण वास लागला की नाक वर करून जागच्या जागी थबकायचा, शेपूट काठीसारखी ताठ. आजोबा हळूच म्हणायचे, "हाय रं, हाय." पुढच्या क्षणी गवतातून लाव्यांचा थवा पायाखालून भुर्रकन उठायचा आणि छातीत धस्स व्हायचं. काका बार टाकायचे. धूर निवळेपर्यंत पाखरं पलीकडच्या टेपाडावर. मग पुन्हा दारू भरा, छर्रे घाला, गजाने ठासा. दिवसभरात पाच-सहा बार, हाती दोन तितरं. नशीब असेल तर ससा. एकदा माग काढताना तितराची पिलं दिसली, तर आजोबांनी काकांचा हातच धरला. "पिलांवाली हाय. आज न्हाय." निम्मं मटण वाडीवर जायचं, आतडी वाघ्याला.

जखमी ससा लहान पोरासारखा ओरडतो. तो आवाज अजून कानात आहे. 1972चा कायदा आला, तरी परवाना काढून छोटी शिकार करता येत होती. 1991च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. चांगलंच झालं. जुन्या शिकारीच्या बढाया मारत रात्री जीप घेऊन, बॅटऱ्या पाडत फिरणाऱ्या आमच्याच पोरांची बाजू मी घेणार नाही.

पण साहेब, धूर निवळेपर्यंत पाखरू दिसत नाही असल्या बंदुकीने तितर संपलं नाही. तेव्हा माळ होता. आमच्या ठाणे जिल्ह्यातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. गवताला पैसा होता, म्हणून कापणी होईपर्यंत माळावर कुणी गुरं घालत नव्हतं की काडी लावत नव्हतं. त्या राखलेल्या गवतात तितर-लावे अंडी घालायचे. पुढे गवताचा भाव गेला आणि जमिनीचा आला. टेपाडं कापली, मुरूम ट्रकमधून गेला, वर प्लॉट पडले. उरलेल्या माळाला दर उन्हाळ्यात वणवा.

तिकडे स्कॉटलंडात तितराच्याच कुळातलं ग्राउझ नावाचं पाखरू आहे. 12 ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. शिकवलेले कुत्रे, बंदुकवाले, हाकारे, सगळा थाट. त्यासाठी जमीनदार डोंगरमाळ राखतात, झुडपं पट्ट्यापट्ट्याने जाळून कोवळा पाला फुटू देतात. त्यापायी तिथे ससाण्या-घारींचे जीव गेले आहेत, ते पापच. पण मारणाऱ्यालाही एवढं कळतं की माळ नसेल तर पाखरू नाही. आपल्याकडे राखणाऱ्यालाही कळत नाही.

कातकऱ्याच्या झोळीत ससा सापडला तर त्याच्यावर खटला. जेसीबीने सशांचा अख्खा डोंगर उचलला तर पेढे वाटतात. तितर मारणं गुन्हा आहे, तो असायलाच हवा. पण तितराचं रान पुसणं गुन्हा का नाही?

दोष तुमचा एकट्याचा नाही, साहेब. गुंठ्याचा भाव ऐकून अंगठे उठवणारे आम्हीच. काकांचा माळही विकला, त्या कागदावर माझी सही आहे. म्हणून एकच मागणं, तुमच्याकडे आणि गावाकडेही: कुंपणाच्या आतला एक कोपरा लॉनशिवाय सोडा, गवत वाढू द्या, त्याला काडी लावू नका. गावाने उरलेला वरकस मोडू नये. एखाद्या पहाटे तितर ओरडलं तर मला बोलवा. बंदूक कधीच जमा केली. नुसता ऐकायला येईन.